मागच्या सीटच्या बेल्टचं बक्कल

परवा शनिवारी रात्री पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च लावून मी आमच्याच गाडीच्या मागच्या सीटमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसले होते. बेल्ट लोंबत होते, पण ते ज्यात खट्टकन बसतात ती बक्कलं कुठेच दिसेनात. गाडी घेतली त्याच आठवड्यात सीट कव्हर बसवून घेतलेली, बसवणाऱ्याने तिन्ही बक्कलं कव्हरखाली दाबून टाकलेली, आणि चार वर्षांत घरातल्या एकालाही ते कळलं नाही कारण मागे बसून कधी कोणी बेल्ट लावायला गेलंच नाही. एका बक्कलावर तर कंपनीची प्लास्टिकची पिशवी अजून तशीच.

महिन्यापूर्वी खंबाटकीत पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, म्हणून आम्हीही मारला. टक्कर नाही, काही नाही, स्पीड फार तर तीस-पस्तीस. पण आईच्या मांडीवर झोपलेला माझा तीन वर्षांचा भाचा सटकन पुढे आला आणि दोन सीटच्या मधे हँडब्रेकवर कपाळ आपटलं. चार टाके. आई तीन दिवस एकच म्हणत होती, "मी घट्ट धरलेलं गं त्याला." धरलेलंच होतं तिने, मी बघितलंय. पण 50 च्या स्पीडची गाडी कशाला धडकून थांबली तर दहा किलोच्या बाळाचा जोर क्षणभर शे-दोनशे किलोच्या घरात जातो, कुठली आजी धरणार?

"मागे बसलंय ना, मागे काय होतंय" हे वाक्य आपल्या घराघरात आहे आणि मला त्याचाच राग येतो. गोपीनाथ मुंडेसाहेब 3 जून 2014 ला दिल्लीत गाडीच्या अपघातात गेले, मागच्याच सीटवर होते. उद्योगपती सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गेले, गाडी मर्सिडीज, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागे बेल्ट लावलेले नव्हते. तेव्हा चार-पाच दिवस सगळीकडे तीच चर्चा होती, मग गणपती विसर्जन आलं आणि सगळे विसरले.

आणि कृपा करून एअरबॅग आहे ना असं म्हणू नका. स्टेअरिंगवर एसआरएस लिहिलेलं असतं त्यातला पहिला एस सप्लिमेंटलचा आहे, म्हणजे पूरक. मुख्य काम बेल्टचं. बेल्ट माणसाला सीटला धरून ठेवतो, मगच बॅगेचा उपयोग, कारण ती हळूच उशी ठेवल्यासारखी येत नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आत ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने फुटून बाहेर येते. म्हणून तर लहान मुलाला पुढे मांडीवर घेऊन बसायचं नाही. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप नव्हती.

कायदा आहे हो, मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, 1000 रुपये दंड आहे, 14 वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. पण रविवारी साताऱ्यापर्यंत दोन टोलनाके लागले, मागे कोणी डोकावलं नाही. उलट बेल्टचा अलार्म बंद करायची ती खोटी क्लिप लोक पैसे देऊन आणतात! मे 2023 मध्ये सरकारने पाच ऑनलाईन साईटना आदेश देऊन 13,118 जाहिराती काढायला लावल्या होत्या त्याच्या. तेरा हजार!

रविवारी आई कुरकुरली, साडी चुरगळते, पोटाला आवळतं. खालचा पट्टा पोटावरून काढून मांडीच्या वर, कमरेच्या हाडावर बसवून दिला, तेव्हा म्हणाली हां, आता बरंय. शिरवळपर्यंत हात बक्कलावरच होता तिचा. भाचा नव्या चाईल्ड सीटमध्ये, खिडकीतून सगळं दिसतं म्हणून खूश.

ह्या शनिवारी भावाच्या गाडीची बक्कलं कव्हरखालून बाहेर काढायचीत, त्याचंही कव्हर त्याच दुकानातलं आहे.