मोबाईल चालवता येतो, म्हणून ‘सगळं येतं’ असं नसतं

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की एक मजकूर थोडेफार शब्द बदलून पुन्हा फिरू लागतो. त्याचा गाभा असा: आजची मुलं तंत्रज्ञानातच जन्मली, त्यांना ते शिकवावं लागत नाही. शिक्षक जुन्या काळातले, त्यांना ते जमणार नाही. म्हणून शाळांनी मुलांच्या हाती उपकरणं द्यावीत आणि शिक्षकांनी बाजूला व्हावं. सोबत बहुधा दोन वर्षांचं मूल टॅबलेटवर सराईतपणे बोट फिरवतानाचा व्हिडिओ असतो. तो पाहिला की हातच्या कांकणाला आरसा कशाला, असंच कोणालाही वाटेल.

मी बरीच वर्षं शाळेत संगणक शिकवते, शिक्षकांच्या प्रशिक्षणातही असते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात मुलांचं कौतुकच असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यातला एकेक मुद्दा खोडून काढणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यावर विश्वास ठेवून घेतलेले निर्णय मुलांनाच भोगावे लागतात.

“आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत.”

ही कल्पना रूढ झाली ती २००१ साली. मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने एका लेखात मुलांना ‘डिजिटल नेटिव्ह’ (या जगातले मूळ रहिवासी) आणि मोठ्यांना ‘डिजिटल इमिग्रंट’ (बाहेरून आलेले) म्हटलं. शब्द आकर्षक होते, ते जगभर गेले. पण तो लेख युक्तिवादाचा होता, मुलांची कौशल्यं मोजून लिहिलेला नव्हता. २००८ मध्ये बेनेट, मेटन आणि केर्विन या अभ्यासकांनी तोवरचा पुरावा तपासला, तेव्हा एका अख्ख्या पिढीला सारखंच तंत्रज्ञान येतं या म्हणण्याला आधार सापडला नाही. खुद्द प्रेन्स्कींनी २००९ मध्ये लिहिलं की ही विभागणी पुढे कमी महत्त्वाची होत जाईल. ‘डिजिटल शहाणपण’ हा शब्द त्यांनी तेव्हा पुढे केला. तो मात्र कोणी फारसा पुढे पाठवला नाही.

मोजमापच हवं असेल तर तेही आहे. ‘आयसीआयएलएस’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आठवीच्या मुलांना प्रत्यक्ष संगणकावर बसवून कामं करायला लावते: माहिती शोधणं, ती पारखणं, वाचणाऱ्याला कळेल अशी मांडणं. २०१८ च्या फेरीत सर्वांत वरच्या पातळीपर्यंत पोचलेली मुलं सरासरी २ टक्के होती. सर्वांत खालची पातळीही न गाठलेली १८ टक्के.

मला या आकड्यांचं नवल वाटलं नाही. तासाभरात सुरेख व्हिडिओ जोडणारा मुलगा मी पाहते, आणि तोच उतरवून घेतलेली फाईल कुठे गेली म्हणून दहा मिनिटं गोंधळतो. त्यात त्याची चूक नाही. तो ज्या उपकरणावर वाढला तिथे फाईल ‘ठेवावी’ लागतच नाही, फोटो गॅलरीत असतो आणि गाणं ॲपमध्ये. फोल्डरात फोल्डर, फाईलचं नाव, तिचा प्रकार, तिची दुसरी प्रत हे सगळं त्या गुळगुळीत पडद्यामागे झाकलेलं आहे. उपकरण जितकं सोपं करत न्यावं, तितकं त्याचं आतलं काम वापरणाऱ्याच्या नजरेआड जातं. त्या दोन वर्षांच्या बाळाचा व्हिडिओ पाहून कौतुक करायचंच असेल, तर दोन वर्षांच्या बाळालाही वापरता येईल असा पडदा ज्यांनी घडवला त्यांचं करावं.

“इंटरनेटवरचं खरं-खोटं मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.”

याच मुद्द्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांमधल्या ३,४४६ विद्यार्थ्यांना थेट इंटरनेट वापरू देऊन काही कामं दिली. त्यातलं एक होतं एक अंधुक व्हिडिओ पारखण्याचं. अमेरिकेतल्या मतदानात गैरप्रकार झाल्याचा दावा त्यात होता, पण चित्रण होतं रशियातलं. निम्म्याहून अधिक मुलांनी तो भक्कम पुरावा मानला. थोडं शोधलं असतं तर मूळ सापडलं असतं. ते शोधून काढणारे निघाले फक्त तीन विद्यार्थी.

मग वयाने आणि शिक्षणाने मोठी माणसं बरी ठरतात का? तसंही नाही. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या अभ्यासकांनी २५ विद्यार्थी, इतिहासात पीएचडी केलेले १० अभ्यासक आणि तथ्य-पडताळणी करणारे १० व्यावसायिक यांना सारखीच संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थीही फसले आणि इतिहासकारही. दोघेही समोरचं पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले. तथ्य-पडताळणीवाल्यांनी मात्र काही क्षणांत ते पान सोडलं, नव्या टॅब उघडल्या आणि त्या संकेतस्थळामागच्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहिलं. ही एक युक्ती आहे आणि ती शिकवता येते. तेराव्या वर्षी शिकवता येते, पन्नासाव्या वर्षीही. मात्र ती कोणीतरी शिकवावी लागते.

“मुलांना एका वेळी चार कामं जमतात.” जमत नाहीत, ती या कामावरून त्या कामावर उड्या मारत असतात आणि दर उडीला लक्ष थोडं सांडतं. २०१३ मध्ये कॅनडात झालेल्या एका प्रयोगात व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्या विद्यार्थ्यांना नंतरच्या चाचणीत कमी गुण पडले. ज्यांना शेजाऱ्यांचे पडदे नुसते दिसत होते, त्यांनाही कमी पडले. एवढं या मुद्द्यापुरतं पुरे.

“शिक्षकांचं वय झालं, त्यांना हे जमणार नाही.”

डग्लस एंगलबार्ट या संगणक-संशोधकाने माऊस आणि पडद्यावरून एकमेकांशी बोलत काम करण्याची पद्धत १९६८ मध्ये जाहीरपणे दाखवली, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. मुलांना संगणकाची भाषा शिकता यावी म्हणून ‘लोगो’ घडवणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट यांचा जन्म १९२८ चा. हे तंत्रज्ञान घडवणारेच जुन्या पिढीतले, वयाचा मुद्दा तिथेच संपतो.

शिक्षक वर्गात बिचकतात हे मात्र खरं आहे आणि त्याची कारणं समजून घ्यायला हवीत. घरी एकट्याने बटण चुकलं तर पुन्हा दाबता येतं. वर्गात चुकलं तर सगळा वर्ग बघत असतो, जोडणी होईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि तास तर ठरल्या वेळीच संपतो. त्यात प्रशिक्षणाचं स्वरूप बहुधा ‘इथे दाबा, मग इथे दाबा’ असं असतं. ते ॲप पुढच्या वर्षी बदलतं आणि शिकलेलं वाया जातं.

पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेली गोष्ट मला इथे फार कामाची वाटते: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान एकमेकांत मिसळलं तरच साधन वर्गात उपयोगी पडतं. सरळ रेषेच्या समीकरणाचा आलेख घ्या. पडद्यावर सरकपट्टी ओढली की रेषा फिरते, वर जाते, खाली येते. मुलं आनंदाने ओढत राहतात आणि तास संपतो, हाती काही लागत नाही. अनुभवी शिक्षिका म्हणते, “थांबा. चढ दुप्पट केला तर रेषा कशी होईल ते आधी वहीत काढा, मग ओढून बघा.” मुलं चढ आणि छेद (रेषा अक्षाला जिथे छेदते ती जागा) यांत नेमकी कुठे गोंधळतात हे तिला माहीत असतं. सरकपट्टी कशी ओढायची हे तिला एखादा विद्यार्थी दोन मिनिटांत दाखवेल. कधी थांबायला सांगायचं हे मात्र तो विद्यार्थी तिला दाखवू शकणार नाही.

“उपकरणं द्या, मुलं आपली आपण शिकतील.”

पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपण म्हणतो खरं. पण मुलाला पाण्यात उतरवून काठावरून निघून कोणी जात नाही. ‘ओईसीडी’ या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१५ च्या अहवालात लिहिलं की ज्या देशांनी शाळांमधल्या संगणकांवर मोठा खर्च केला, त्यांच्या वाचन, गणित आणि विज्ञानाच्या निकालांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि हाच दावा नव्या शब्दांत फिरू लागला. चॅटबॉट अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं नावही ठामपणे देतो. ज्याला तो विषय थोडा ठाऊक आहे त्यालाच शंका येते. म्हणजे शिक्षकाचं काम इथे वाढलं.

आणि ‘मुलांना येतंच’ म्हणणाऱ्या वर्गात, ज्याला येत नाही त्याचं काय होतं? एक मुलगी सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, मेलला फाईल जोडायची कशी?” वर्गात का नाही विचारलंस, तर म्हणाली, “सगळ्यांना येतं ना.” दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांनाच ते करायला लावलं. बरेच जण अडले.

तेव्हापासून वर्षाच्या पहिल्या तासाला मी तीन कामं देते: फाईलला नाव देऊन सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, ती मेलला जोडून पाठवा, आणि या संकेतस्थळामागे कोण आहे ते शोधा. ‘येतं का’ असं विचारत नाही, करून दाखवायला सांगते. हीच तीन कामं शिक्षकांच्या प्रशिक्षणातही पहिल्या तासाला देते, आणि कोण कुठे अडतं ते पाहून दुसरा तास ठरवते.