ऑक्सिडीकरण, डायसल्फाइड बंध आणि माझे चुकलेले वाक्य

नमस्कार.

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ‘ऑक्सिडीकरणाने प्रथिनांच्या घड्या मोडतात’ असे मी माझ्या लेखात लिहिले (ऑक्सिडीकरण म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन निघून जाणे आणि घडी म्हणजे प्रथिनाच्या साखळीला मिळालेला ठरावीक आकार), परंतु अनेक प्रथिनांची घडी ऑक्सिडीकरणातून तयार होणाऱ्या डायसल्फाइड बंधांवरच (सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन गंधक अणूंमधल्या जोडांवरच) टिकते, हा आपला पहिला आक्षेप. आणि पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण (ऑक्सिडीकरण करणारे रेणू पेशीला आवरेनासे होणे) आधी येतो की घडी आधी बिघडते याचा उलगडा न करताच मी सारा दोष ताणाच्या माथी मारला, हा दुसरा. पहिला मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धाच.

ते वाक्य लिहिताना मी पेशीतली जागा सांगायला विसरलो आणि या विषयात जागेलाच सर्वाधिक महत्त्व आहे. पेशीबाहेर जाणारी प्रथिने आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात घडतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पेशीद्रवात ग्लुटाथायोन या ऑक्सिडीकरणाला आवर घालणाऱ्या लहान रेणूच्या क्षपित (इलेक्ट्रॉन राखून असलेल्या) आणि ऑक्सिडीकृत रूपांचे प्रमाण ३०:१ ते १००:१ असते, तर प्रथिने बाहेर धाडणाऱ्या या मार्गात ते १:१ ते ३:१ इतके खाली येते. म्हणजे आपण म्हणता ते ऑक्सिडीकरण तिथे नेहमीचेच काम आहे.

मात्र बंध तयार होणे आणि योग्य बंध तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे आपले म्हणणे मला थोडे घाईचे वाटते. जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएझ या ज्या विकरावर (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर) काम केले (१९७२चे रसायनशास्त्राचे नोबेल), त्यात ८ सिस्टीन आहेत. त्यांच्या ४ जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात आणि त्यांपैकी एकच प्रकार उपयोगाचा. युरियात घडी उलगडलेली असतानाच या प्रथिनाचे ऑक्सिडीकरण होऊ दिले, तेव्हा बंध तयार झाले खरे, पण विकराची क्रियाशीलता जेमतेम १ टक्का उरली. चुकलेल्या गाठी सोडवून पुन्हा बांधणारे विकर, प्रथिन-डायसल्फाइड आयसोमरेझ, पेशीजवळ असते म्हणूनच हा कारभार चालतो. शिवाय इरो-१ हे विकर नव्या बंधाचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सोपवते, तेव्हा दर बंधामागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो. घडी पुनःपुन्हा चुकली, तर बांधणे-सोडवणे वाढते, ग्लुटाथायोन खर्ची पडते आणि ताण वाढतो. तेव्हा बिघडलेली घडी हेही ताणाचे कारण असू शकते, हे आपले म्हणणे आंतर्द्रव्यजालिकेपुरते अगदी बरोबर आहे.

पण तांबड्या रक्तपेशीत घटनांचा क्रम निःसंदिग्ध आहे. हिमोग्लोबिनमध्ये मुळात डायसल्फाइड बंध नसतात. त्याची सिस्टीने सुटीच राहायला हवीत. ती तशी राहावीत म्हणून लागणारे ग्लुटाथायोन क्षपित ठेवण्यासाठी एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू हवा, आणि या पेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसल्याने त्यासाठी तिची सारी भिस्त जी-६-पीडी या विकरावर असते. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापावर दिले जाणारे प्रायमाक्विन काही जणांच्या रक्तपेशी का फोडते, याचे उत्तर १९५६ साली शिकागोच्या संशोधकांना याच विकराच्या कमतरतेत सापडले. (त्यासाठी तुरुंगातल्या कैद्यांवर झालेले प्रयोग हा वेगळ्या आणि अस्वस्थ करणाऱ्या लेखाचा विषय आहे.) आधी औषध येते, मग ताण वाढतो, हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते, ते लोह धरणाऱ्या हीमची पकड ढिली होते, ग्लोबिन या प्रथिनभागाची घडी बिघडते आणि त्याचे साके पेशीपटलाला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे हेच ते हाइन्झ पिंड. पाणथरी (प्लीहा) ते पेशीच्या कडेसकट तोडून काढते, त्यामुळे रक्ताच्या काचपट्टीवर चावा घेतल्यासारख्या पेशी दिसतात. तांबड्या पेशीत रायबोसोम नसल्याने बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवे बनवण्याची सोयही नसते. हे हिमोग्लोबिन औषध घेण्यापूर्वी नीट घडलेले होते, त्यामुळे इथे घडी आधी बिघडली असे म्हणायला वाव नाही.

डायसल्फाइड बंध इन्शुलिनला आकार देतो. तोच हिमोग्लोबिनमध्ये भलत्या जागी जुळला, तर साके होण्याच्या वाटेवरचे एक पाऊल ठरतो. हा फरक मूळ लेखात आला नाही, ही माझीच चूक. ते वाक्य मी आता असे बदलले आहे: ‘ज्या प्रथिनांची सिस्टीने सुटी राहायची असतात, त्यांचे पेशीच्या दुरुस्तीच्या क्षमतेबाहेर ऑक्सिडीकरण झाले, तर त्यांची घडी बिघडू शकते.’ वाक्य लांबले आहे. याहून आटोपशीर आणि तरीही अचूक रूप आपल्याला सुचले, तर जरूर कळवावे.