सापाच्या पेटीच्या पॉलिशबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर. एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय की मेलामाइन पॉलिश मागितलं तर आम्ही महागडं वॉटर-बेस्ड पीयू (पाण्यात मिसळलेलं पॉलियुरेथेन पॉलिश) गळ्यात मारलं, पेटी दुसऱ्याच दिवशी हाताला कोरडी लागत होती तरी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, आणि यापेक्षा प्लाय कच्चाच ठेवला असता तर बरं झालं असतं.

पीयूचा दर काम घेतानाच सांगितला होता आणि बिलात मटेरियल वेगळं दाखवलंय.

मेलामाइन वाईट नाही, डायनिंग टेबलाला आम्ही तेच मारतो. पण त्याचा हार्डनर, म्हणजे पॉलिश पक्कं करायला मिसळतात ते द्रव्य, आम्लाचा असतो आणि ते पक्कं होताना, नंतरही काही काळ, फॉर्माल्डिहाइड नावाचा श्वासाला झोंबणारा वायू सोडतं. टेबलाचं ठीक आहे, खिडकी उघडली की भागतं. तुमच्या पेटीत बॉल पायथन, म्हणजे परदेशी अजगर, राहणार. एका बाजूला ३२ अंशांच्या आसपास ऊब, हवेत ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा, समोर काच आणि हवेला दोनच जाळ्या. ऊब आणि दमटपणा दोन्हींमुळे तो वायू जास्तच सुटतो, आणि सापाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. फुप्फुसाचा त्रास झालाच तर साप तपासणारा डॉक्टर शोधताना किती वणवण होते, हे तुम्हीच सांगितलं होतं.

वॉटर-बेस्ड म्हणजे लगेच निर्धोक, असंही नाही. त्यातही थोडं सॉल्व्हंट (उडून जाणारं रसायन) असतंच. वरून काही तासांत कोरडं लागतं, पण पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात, पावसाळी हवेत त्याहून जास्त. तारीख त्यासाठी लांबची होती. पेटी तुमची आहे, आजही घेऊन जा. फक्त साप इतक्यात आत सोडू नका, ही कळकळीची विनंती.

कच्चा प्लाय मात्र नकोच. मागच्या बाजूला वायरसाठी तुम्ही भोक पाडलंय, तिथे प्लायचे थर उघडे पडले होते. पाण्याचं भांडं एकदा लवंडलं की तिथूनच पाणी मुरतं, कड फुगते, बुरशी धरते. आमच्या कारागिराने त्या भोकात बारीक ब्रशने जास्तीचे हात दिलेत, प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारून. सांध्यांना बुरशीनाशक नसलेलं, फिशटँकचं सिलिकॉन भरलंय.

पायथनची सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद तुम्ही आम्ही न विचारताच दाखवलीत, त्याचं मनापासून कौतुक. देशी सापासाठी कोणी पेटी आणली तर आम्ही काम घेतच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ते घरी पाळता येत नाहीत.

मुदत संपली की रिकाम्या पेटीत हीटिंग सुरू करा, पेटीचं दार रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या आत वास घेऊन बघा. जरासा जरी उग्र वास आला तरी पेटी परत आणा. दुकानामागच्या शेडमध्ये पंख्याखाली उघडी ठेवू, त्याचे पैसे लागणार नाहीत.