लायब्ररीतल्या नार्कनबद्दल फिरणारा तो मेसेज

इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना नालोक्सोन ठेवणं बंधनकारक झालंय. हा नार्कन नावाने मिळणारा, नाकात मारायचा स्प्रे; अफूवर्गीय औषधाचा ओव्हरडोस झालेल्या माणसाचा श्वास तो परत आणतो. शाळांवर तेच बंधन २०२४ पासून आहे. आता शिकागोच्या आसपासच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय: लायब्ररी गर्दुल्ल्यांचा अड्डा होणार, बेशुद्ध माणसाला हात लावला की फेंटानिल (अफूवर्गातलं अतिशय जहाल वेदनाशामक, जे नशेसाठीही घेतलं जातं) आपल्यालाही चढतं, चुकीच्या माणसाला स्प्रे दिला तर तो दगावतो, आपल्या मुलांचा याच्याशी संबंध काय, आणि पैसा मात्र आपल्या करातून. तो वाचून माझ्या वहिनीने चौदा वर्षांच्या भाचीचं लायब्ररीतलं स्वयंसेवकाचं काम बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

हात लावला की चढतं, हे साफ खोटं आहे. फेंटानिल कातडीतून इतक्या सहज आत जात नाही. ते जावं म्हणून औषध कंपन्यांना कातडीवर चिकटवायची खास पट्टी बनवावी लागली. अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१७ साली संयुक्त निवेदन काढलं. त्यातला हिशेब असा, की दोन्ही तळहात अशा पट्ट्यांनी पूर्ण झाकले, तरी १०० मायक्रोग्रॅम शरीरात जायला साधारण १४ मिनिटं लागतील. मग कुणाचा खांदा हलवताना बोटाला लागलेल्या पावडरीने काय होणार? साबणाने हात धुवा, झालं. पोलीस कोसळल्याचे जे व्हिडिओ सोबत येतात, त्यांत माणूस धापा टाकतो, थरथरतो. फेंटानिलने उलट श्वास मंदावतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. व्हिडिओत दिसते ती घाबरगुंडी.

ही अफवा मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती मदतीचा हात मागे खेचते. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, डिसेंबर २०२२ मध्ये १० ते १९ वयाच्या मुलांच्या ओव्हरडोस-मृत्यूंचा अहवाल दिला. जवळपास दोन-तृतीयांश मृत्यूंच्या वेळी आसपास कुणीतरी होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीच केलं नाही. अनेकदा काय चाललंय हेच कळलेलं नसतं. घशातून घरघर येते, ओठ निळसर पडलेले असतात, आणि आपण ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून दार ओढून घेतो. अशा वेळी ९११ ला फोन करायचा, स्प्रेचं पाकीट फाडायचं, नळी एका नाकपुडीत पूर्ण घालून दट्ट्या दाबायचा. दोन-तीन मिनिटांत प्रतिसाद नसेल तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. हे चौदा वर्षांच्या मुलीलाही जमतं.

चुकीच्या माणसाला दिलं तर? अंगात अफूवर्गीय काही नसेल तर नालोक्सोन जवळजवळ काहीच करत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करते: सवय लागलेला माणूस शुद्धीवर येताना ओकतो, चिडतो, कधी अंगावरही येतो. शिवाय स्प्रेचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणूनच तर रुग्णवाहिका हवीच.

‘आपली मुलं असलं काही घेत नाहीत.’ सीडीसीच्या त्याच अहवालात सुमारे चौथाई मृत्यूंमध्ये बनावट गोळ्यांचा पुरावा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हॉलिवूडच्या बर्नस्टाइन हायस्कूलच्या स्वच्छतागृहात १५ वर्षांची मुलगी मृत सापडली. वेदनाशामक समजून घेतलेल्या गोळीत फेंटानिल होतं. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये नालोक्सोन आलं. परीक्षेच्या ताणात मित्राने दिलेली ‘झोपेची गोळी’ आपल्या घरातलं मूल कधीच घेणार नाही, ही खात्री कशाच्या जोरावर?

अड्ड्याचं म्हणाल, तर फिलाडेल्फियाच्या मॅकफर्सन स्क्वेअर लायब्ररीकडे बघा. बाहेरच्या बागेत लोक आधीपासूनच कोसळत होते. २०१७ च्या सुमारास तिथल्या ग्रंथपालांनी स्प्रे वापरायला शिकून त्यातल्या काहींना वाचवलं. व्यसन आधी आलं, स्प्रे नंतर.

आणि करातला पैसा. दोन स्प्रेची पेटी दुकानात बिनचिठ्ठीची मिळते, साधारण ४५ डॉलरला. संस्थांना इलिनॉयचा मानवसेवा विभाग ती फुकटही देतो.