ब्रेक नसलेली सायकल आणि आपण आईबाप

मुलगी ट्रॅक सायकलिंग (वळणावर तिरप्या चढवलेल्या बंद ट्रॅकवरची सायकलशर्यत) करते म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, सायकल केवढ्याची आणि मेडल कधी. आता सिंधुदुर्गात अजून काही घरांतली पोरं याच्याकडे वळतायत म्हणून लिहितेय, कारण मला मनापासून वाटतं की टाइम किती आला आणि नंबर कितवा लागला हे पोरीने आणि कोचने बघावं, आपण आईबापांनी त्यात पडूच नये. आपण खाणं, झोप, प्रवास आणि सायकल सांभाळायची. हे काम मोठं आहे आणि ते दुसरं कोणी करणार नाही.

आधी भीतीचं बोलूया. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "गो, चेडवाक बिनबिरेकाच्या सायकलीर बसयतंस?" ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येणारच. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि फ्रीव्हील पण नसतं, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, मधेच पॅडल थांबवून आराम वगैरे नाही. वेग कमी करायचा तर पॅडलवर उलटा जोर द्यायचा किंवा ट्रॅकच्या वरच्या बाजूला चढायचं. पण ब्रेक नाही तो सुरक्षिततेसाठीच. सगळे एकमेकांच्या चाकाला चाक लावून पळत असताना एकाने जरी कचकन ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर जाऊन आदळतील, कोणालाच ब्रेक नाही म्हणून कोणी अचानक थांबत नाही. आणि 250 मीटरच्या ट्रॅकला वळणावर 42 ते 45 अंशाचं बँकिंग, म्हणजे तिरपा चढ असतो, बघताना जत्रेतला मौत का कुआ आठवतो, तिथे हळू जाणं हाच धोका, वेग फार पडला तर टायर घसरून सायकल खाली येते. हे आईबापाला नीट समजलेलं पाहिजे, नाहीतर आपण कठड्यापाशी उभं राहून "सावकाश गो" ओरडतो आणि नेमकं वळणावर पोर बिचकतं. ही सायकल रस्त्यावर मात्र अजिबात काढायची नाही, रस्त्यावरच्या प्रॅक्टिसला ब्रेकवाली रोडबाईक.

दुसरं ऐकायला मिळतं ते म्हणजे कोकणात ट्रॅक कुठाय, कशाला नसते उद्योग. खरं आहे, आम्हाला पुण्याला बालेवाडीला जावं लागतं, आणि लाकडी इनडोअर ट्रॅक म्हटला तर थेट दिल्ली, इंदिरा गांधी स्टेडियमचा, 2010 च्या कॉमनवेल्थच्या वेळचा. पण अंदमानकडे बघा ना. चहूबाजूंनी समुद्र, तरी त्सुनामीतून वाचलेली सायकलपटू देबोरा हेरॉल्ड तिथली, एसो अल्बेन पण तिथलाच, 2018 ला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे केरिनला (आधी मोटारबाईकमागे फिरून शेवटी सुसाट सुटायची शर्यत) सिल्व्हर आणि 2019 ला जर्मनीत मणिपुरी पोरांबरोबर टीम स्प्रिंटला (तिघांच्या संघाची वेगाची शर्यत) गोल्ड. आपल्या महाराष्ट्राची मयूरी लुटे 2022 च्या कॉमनवेल्थमधे ट्रॅकवर उतरली. त्यामुळे समुद्राकाठच्या पोरांना हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये.

इथे बसून काय होतं तर बरंच होतं. पावसाळ्यात चार महिने रस्त्याला शेवाळ, खड्डे, वर समोरून डंपर, अशात पोराला बाहेर पाठवू नका, रोलर घ्या. तीन रूळ असतात, त्यावर सायकल ठेवून तोल सांभाळत चालवायची, पाय जरा धक्क्याने मारला की सायकल लगेच हलते, म्हणून गोल पॅडल मारायची सवय आपोआप लागते आणि ट्रॅकवर तेच लागतं. पडवीत मावतात. खाऱ्या हवेचं मात्र कोणी सांगत नाही! चेन गंजते, बोल्ट धरतात, कार्बनच्या फ्रेममधे अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) असेल तर तो असा अडकतो की निघता निघत नाही, म्हणून दर थोड्या दिवसांनी काढून पुसून योग्य ती पेस्ट लावायची. हे काम बाबांनी घ्यावं, तेवढंच पोरीबरोबर बसणं होतं. आणि "वाढतं अंग आहे" म्हणून मोठी सायकल घेऊ नका, हा युनिफॉर्म नाही, मोठ्या फ्रेमवर गुडघे आणि कंबर दुखते. लाखाची कार्बन पण सुरुवातीला नको, मापाची सेकंडहँड घ्या.

मुलींच्या आयांनो, एक स्पष्टच लिहिते. सीटवर घासून जखमा होतात आणि पोरी लाजून कोचला सांगत नाहीत. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं, राईड झाली की लगेच बदलायची, पाळीच्या दिवसांत काय त्रास होतो ते विचारायचं, हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. आपण नाही बोललो तर कोण बोलणार? खाण्याचं टेन्शन घेऊ नका, पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मासे, मीठ घातलेलं कोकम सरबत, सगळं घरातच आहे, फक्त पोटभर द्या. "वजन वाढेल" हा शब्द घरात नको.

रेस झाल्यावर पोर खाली उतरतं तेव्हा पायात गोळे आलेले असतात, उलटीसारखं होत असतं, आणि आपण विचारतो "किती सेकंद गेले?" तिला माहिताय हो किती गेले. पाणी द्या, कोरडा टीशर्ट द्या, ती बोलेल तेव्हा ऐका. नातेवाईकांच्या ग्रुपवर टाइम टाकायचा असेल तर आधी तिला विचारा. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, चांगलंच आहे ते, पण पंधरा वर्षांच्या पोरीला रोज त्याची आठवण करून दिली तर ती सायकल चालवताना नोकरीचंच ओझं घेऊन चालवेल. दहावी आहे म्हणून वर्षभर बंद हा प्रकारही मला पटत नाही, तास कमी करा पण चालू ठेवा.

कुडाळ-सावंतवाडी-मालवण भागात कोणाचं पोर हे करत असेल तर कमेंटमधे लिहा. पुण्याला जाताना दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी केली तर सायकली पण नीट नेता येतील, आणि आमच्याकडचे रोलर दुपारी रिकामेच असतात, पावसात कोणालाही वापरायला चालतील.