आर्ब्रोथचा जाहीरनामा: 'नुसती नक्कल' म्हणणाऱ्यांना उत्तर

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आर्ब्रोथच्या जाहीरनाम्याबद्दल, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत तिथल्या सरदारांनी पोपला लिहिलेल्या पत्राबद्दल, एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: 'आर्ब्रोथचा जाहीरनामा म्हणून एडिनबर्गला जे चर्मपत्र जपून ठेवलंय ते अस्सल नाहीच, नुसती नक्कल आहे. अस्सल पोपकडे गेलं आणि हरवलं. नकलेला कायद्यात किंमत नसते, ती कुणीही उतरवून काढतो. त्यातून जुनं दफ्तर इंग्रजांनीच नेलं. म्हणजे मध्ययुगीन स्कॉटलंडच्या हक्कांच्या सगळ्या गोष्टी निराधार.' यातली दोन विधानं खरी आहेत. अस्सल हरवलं हे खरं आणि दफ्तर नेलं हेही खरं. पण त्यांच्या आधाराने जो निष्कर्ष काढला जातो तो स्कॉटलंडच्या कायद्याचा इतिहास माहीत नसल्याचं लक्षण आहे.

'ती मागाहून उतरवलेली नक्कल आहे' इथून सुरुवात करू. 6 एप्रिल 1320 ही या लॅटिन पत्राची तारीख. आठ अर्ल (वरच्या दर्जाचे उमराव) आणि चाळीसेक सरदारांनी ते अव्हिन्यों इथल्या पोप बावीसाव्या जॉनला लिहिलं. पोपला पाठवायची प्रत गेली आणि दुसरी मायदेशी ठेवली, ती ही. एडिनबर्गच्या प्रतीला मेणाच्या मोहरा लटकवलेल्या आहेत. मुळात पन्नासच्या आसपास असाव्यात, आज 19 उरल्यात. या मोहरांच्या फिती जरा नीट पाहाव्यात. अलेक्झांडर लॅम्बर्टन, एडवर्ड कीथ अशा काही जणांची नावं पत्राच्या मजकुरात कुठेच नाहीत. ती फितींवर लिहिलेली आहेत आणि त्यांच्या मोहराही तिथे आहेत. कारकुनाने आठवणीसाठी उतरवलेल्या कागदाला कुणी सरदारांच्या मोहरा गोळा करत बसत नाही. हा त्याच वेळचा, मोहरबंद केलेला जोडदस्त आहे. पुढे तो ओलीने खराब झाला, काही अक्षरं गेली. पण त्याआधीच त्याचं कोरीव चित्र तयार झालं होतं. ते 1739 मध्ये जेम्स अँडरसन यांच्या संग्रहात छापलं गेलं आणि गेलेला मजकूर त्यावरून भरता येतो.

आता मुख्य मुद्दा: 'नकलेला कायद्यात किंमत नसते.' स्कॉटलंडबद्दल तरी याच्याइतकं चुकीचं विधान सापडणं कठीण.

एडिनबर्गच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या वह्यांमध्ये दस्त नोंदवायची पद्धत होती. दस्तांच्या वह्यांची स्वतंत्र मालिका 1554 पासून सुरू होते. कर्जरोखा घ्या. त्यात शेवटी एक कलम असे: हा रोखा न्यायालयाच्या वहीत नोंदवायला आणि त्यावर बजावणी व्हायला माझी संमती आहे. नोंद झाली की कायद्याच्या दृष्टीने तो जणू न्यायालयाने संमतीने दिलेला हुकूमनामाच. मूळ रोखा दफ्तरात राही आणि सावकाराच्या हातात येई ती सहीची प्रमाणित नक्कल. ऋणको पैसे बुडवू लागला तर सावकार दावा लावत बसत नसे. त्या नकलेच्या जोरावर वसुलीची कारवाई थेट सुरू होई. दफ्तरात पडून असलेलं अस्सल हे करू शकत नव्हतं, नक्कल करत होती. 1877 च्या कायद्याने ही बजावणीची वाट आणखी सोपी केली.

आपल्याला हे उलटं वाटतं, त्याला कारण आहे. आपल्याकडे 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मूळ दस्त पक्षकाराला परत मिळतो आणि निबंधकाकडे त्याची नक्कल राहते. स्कॉटलंडच्या दस्तांच्या वहीत अस्सल सरकारजमा आणि नक्कल घरी. त्यामुळे 'अस्सल कुठंय?' हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारला तर त्याचं साधं उत्तर 'एडिनबर्गला' असं असे, आणि हातातल्या नकलेचं वजन त्याने कमी होत नसे.

जमिनीचंही तसंच. ताबा देताना शेतावर जाऊन माती आणि दगड हाती द्यायचा आणि नोटरीने त्याचा लेख करायचा, अशी रीत होती. 1617 च्या कायद्याने तो लेख 60 दिवसांत नोंदवणं सक्तीचं केलं. नाहीतर त्रयस्थाविरुद्ध तो चालत नसे. याच कायद्यात लिहिलंय की नोंदवहीतली प्रमाणित नक्कल सर्व बाबतींत ग्राह्य, अपवाद एकच: मूळ लेखच बनावट आहे असा कुणी रीतसर आरोप केला तर. तेवढ्यापुरतं अस्सल हजर करावं लागे. म्हणजे संशय घेणाऱ्यालाही वाट होती, पण आरोप सिद्ध करायची जबाबदारी त्याची. 'नक्कल आहे' एवढं म्हणून भागत नसे.

'ती कुणीही उतरवून काढतो' हेही टिकत नाही. समजा, तुमच्या हक्काचा जुना दस्त दुसऱ्याच्या पेटीत आहे. तर न्यायालयात त्यासाठी वेगळा दावा लावता येई. ज्याच्याकडे दस्त आहे त्याला तो घेऊन हजर व्हावं लागे, ज्यांचा संबंध आहे त्यांना बोलावलं जाई, सगळ्यांसमोर मूळ तपासलं जाई आणि मगच नोटरी ते उतरवून घेई. अशा नकलांमध्ये एक ठरलेलं वाक्य भेटतं: मूळ खरवडलेलं नाही, खोडलेलं नाही, कुठल्याही भागात संशयास्पद नाही. आपल्या जुन्या कागदांवर 'नक्कल अस्सल बरहुकूम' असा शेरा असतो, त्यापेक्षा ही हमी किती तरी तपशीलवार आहे. नोटरीही ऐरागैरा नसे. 1469 मध्ये स्कॉटिश संसदेने नोटरी नेमण्याचा अधिकार आपल्या राजाचा म्हणून जाहीर केला आणि युरोपातल्या पवित्र रोमन सम्राटाच्या नावाने नेमलेल्यांना मज्जाव केला. 1563 पासून न्यायाधीशांकडून परीक्षा आणि मान्यता आवश्यक झाली. प्रत्येकाची नक्षीदार स्वहस्तखूण वेगळी आणि प्रत्येकाची व्यवहारांची वही. स्टर्लिंगच्या जेम्स डॅरो या नोटरीची 1469 पासूनची वही आजही वाचता येते.

राहिला दफ्तराचा मुद्दा, आणि तो मनाला लागतो. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने 1296 मध्ये कागद नेले. 1651 मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने स्टर्लिंगच्या किल्ल्यातलं दफ्तर हस्तगत केलं आणि ते लंडनला गेलं. डिसेंबर 1660 मध्ये त्यातले बरेच कागद परत येत असताना 'एलिझाबेथ' नावाचं जहाज वादळात बुडालं आणि त्याबरोबर 85 पिंपं भरून दस्तऐवज समुद्रात गेले. ही हानी कधीच भरून येणार नाही. पण राजाने दिलेल्या सनदा मुळात घेणाऱ्याच्या घरी असत, राजाच्या दफ्तरात त्यांच्या नकलांच्या गुंडाळ्या असत. एक जागा लुटली तरी दुसरी उरे. आणि ज्या गुंडाळ्या खरोखर नाहीशा झाल्या त्यांतल्या पुष्कळांची 1629 च्या सुमारास केलेली यादी टिकली. विल्यम रॉबर्टसन यांनी ती 1798 मध्ये छापली. जाहीरनाम्याच्या वेळचा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने कुणाला कुठली जमीन दिली, याच्या कितीतरी नोंदी आज या यादीमुळेच माहीत आहेत.