शिकागोकरांनो, यंदा एकदा पिल्सनला जा

सप्टेंबर उजाडला की शिकागो परिसरातल्या मराठी माणसाचा फोन पोस्टरांनी भरून जातो. गणपती, भोंडला, दिवाळी पहाट (जी इथे सोयीने शनिवारी सकाळी दहाला उगवते), मध्येच पुण्याहून दौऱ्यावर आलेलं एखादं नाटक. मी या सगळ्याला जाते, पुढेही जाणार आहे. आजची पोस्ट मात्र त्याच दिवसांत, याच शहरात, मुख्यतः पिल्सन या मेक्सिकन वस्तीत होणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमांबद्दल आहे. त्यांची पोस्टरं आपल्या ग्रुपवर कधी येत नाहीत.

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या लोकांच्या, वारशाचा महिना. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ तारखेला, मेक्सिकोचा १६ ला आणि चिलीचा १८ ला येतो. म्हणून हा महिना असा अर्ध्यातून सुरू होतो. १९६८ साली जॉन्सन अध्यक्ष असताना तो नुसता आठवडा होता, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. आपल्या उपनगरांतल्या शाळांमध्ये तो टाको आणि कागदी टोप्यांवर उरकतो, आणि मुलांना वाटतं झालं, कळलं. २०२० च्या जनगणनेनुसार शिकागो शहरातला जवळजवळ दर तिसरा माणूस लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांचा, आहे. आणि आपण त्यांना ओळखतो कशावरून? गवत कापणारे, छप्पर घालणारे, रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी पाच मिनिटं उभे असलेले. आपल्या दिवाळीच्या जेवणाच्या पुऱ्यासुद्धा कित्येकदा मेक्सिकोहून आलेल्या माणसाने तळलेल्या असतात. त्याची चित्रं, नाटकं, पुस्तकं कुठे असतात हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

तर ती पिल्सनमध्ये असतात. नाव चेक आहे, कारण एकोणिसाव्या शतकात तिथे बोहेमियन कामगार राहायचे आणि आपल्या प्ल्झेन गावाचं नाव त्यांनी वस्तीला दिलं. इलिनॉय विद्यापीठाचा शिकागो कॅम्पस बांधताना १९६० च्या दशकात शेजारच्या भागातली मेक्सिकन कुटुंबं उठवली गेली. त्यातली बरीच इकडे सरकली, आणि हळूहळू अठरावा रस्ता मेक्सिकन झाला.

इथल्या नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टची जन्मकथा प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीने ऐकावी अशी आहे. १९८२ मध्ये कार्लोस तोर्तोलेरो नावाच्या शाळामास्तराने काही सहकारी शिक्षकांना गोळा करून ही संस्था काढली. हातात ९०० डॉलर होते. १९८७ मध्ये हॅरिसन पार्कातल्या एका इमारतीत संग्रहालय उघडलं. प्रवेश तेव्हाही फुकट होता, आजही फुकट आहे. डाउनटाउनला जागा का नाही घेतली, असं लोक विचारत. पण ज्यांची कला आहे त्यांच्या वस्तीत, त्यांना चालत येता येईल अशा ठिकाणी संग्रहालय असायला हवं, हाच तर मुळात मुद्दा होता. फुकट म्हणजे गरिबाघरचं काम, असा आपला एक समज असतो. तो इथे टिकत नाही. हजारो वस्तूंचा संग्रह आहे, आणि २०२१ मध्ये अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी या संस्थेला ८० लाख डॉलर दिले.

दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास तिथे मृतांच्या दिवसाचं (गेलेल्या माणसांच्या आठवणीचा मेक्सिकन सण) प्रदर्शन लागतं, अगदी १९८७ पासून. ते काही आठवडे असतं, त्यामुळे सवडीने जाता येतं. ऑक्टोबरच्या शेवटी बाहेर हॅरिसन पार्कात संध्याकाळी सगळी वस्ती जमते. कुटुंबं, शाळा, संस्था आपापले वेदीसारखे देखावे मांडतात. त्यांना ओफ्रेंदा म्हणतात. फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपाल धूप, कोरीव कागदाची तोरणं, गोड पाव, गेलेल्या माणसाची आवडती बाटली, आणि झेंडू. झेंडूच झेंडू! आपल्या दसऱ्याचा झेंडू मुळात मेक्सिकोचा, पोर्तुगीज जहाजांच्या काळात इकडे आला. तेव्हा त्यांनी आपला सण उचलला वगैरे कमेंट कृपया करू नका. १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्यांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा.

"म्हणजे त्यांचा पितृपक्षच की!" असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. आपला पितृपक्ष दार लावून घरात होतो, त्या पंधरवड्यात कोणी गाडीसुद्धा घेत नाही. इथे तोंड रंगवलेली पोरं बाबागाडीतून फिरत असतात आणि आजोबांच्या फोटोशेजारी बिअर ठेवलेली असते. जवळची उपमा हवीच असेल तर ती सार्वजनिक गणेशोत्सवाची घ्या. कारण अमेरिकेत हा सण रस्त्यावर आणि गॅलरीत आला तो आपोआप नाही, ठरवून आणला गेला. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या गॅलेरिया दे ला रासाने आणि त्याच सुमारास लॉस एंजेलिसमधल्या सेल्फ हेल्प ग्राफिक्सने तो सार्वजनिक रूपात सुरू केला. इथेच वाढलेल्या तरुण चित्रकारांच्या पिढीला आपण कोण हे सांगायला काहीतरी हवं होतं. त्यांनी घरातला आणि स्मशानातला विधी चौकात आणला. घरातला देव चौकात आणण्याचं राजकारण आपल्याला कोणी शिकवायला नको. (आधी टिळक की भाऊ रंगारी, हा वाद कमेंटमध्ये नको. पुण्यातच सुटला नाही.) मेक्सिको सिटीत आज जी भव्य मिरवणूक निघते ती तर २०१६ पासूनची, एका बाँडपटात तशी दाखवली म्हणून सुरू झालेली. परंपरा या अशा असतात, आणि त्यात काही वाईट नाही.

चौकात आणल्यावर त्यांनी ती परंपरा वापरली. २०२० मध्ये पिल्सनच्या संग्रहालयाने ते प्रदर्शन कोविडमध्ये गेलेल्यांना अर्पण केलं. तेव्हा मांसाच्या कारखान्यांत, गोदामांत, स्वयंपाकघरांत काम चालू ठेवणाऱ्या याच समाजाची माणसं भराभर गेली होती. आपलीही गेली. आपण झूमवर शोकसभा घेतल्या आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीत नेहमीप्रमाणे लावणी बसवली.

इथे मला जे म्हणायचंय ते म्हणून टाकते. अमेरिकेतल्या दोन-तीन गावांतल्या मंडळांत मी सतरंज्या उचलण्यापासून तिकिटं खपवण्यापर्यंत सगळं केलंय. त्यावरून माझं मत असं झालंय की आपण संस्कृती तयार मागवतो. गायक पुण्याहून, नाटक मुंबईहून, निवेदकसुद्धा टीव्हीवरचा. आपण तिकीट काढून टाळ्या वाजवतो आणि बजेटचा मोठा भाग विमानभाड्यात जातो. एकांकिका आणि ढोल-ताशा पथकं इथलीच असतात हे मान्य, आणि ती मला खरोखर आवडतात. पण इथे राहिल्याबद्दल, इथे म्हातारं होण्याबद्दल, इथे जन्मलेल्या मुलांनी आपल्याला काय ऐकवलं त्याबद्दल आपण रंगमंचावर किती बोललो? पिल्सनमध्ये तेच तर चालतं. कलाकार मेक्सिकोहूनही येतात, पण पाया वस्तीतल्या लोकांचा असतो.

नाटकाचंच बघा. आगीहोन नावाची स्पॅनिश नाट्यसंस्था शिकागोत १९८९ पासून काम करतेय. २०१७ पासून फॉलमध्ये देस्तीनोस नावाचा लॅटिनो नाट्यमहोत्सव भरतो. बाहेरच्या देशांतल्या मंडळ्यांबरोबर शिकागोतल्या संस्था तिथे आपली नवी नाटकं करतात, कुठलं इंग्रजीत, कुठलं स्पॅनिशमध्ये, कुठलं दोन्हीत. भाषा येत नाही म्हणून बिचकू नका, बऱ्याच प्रयोगांना पडद्यावर भाषांतर असतं. एप्रिलमध्ये लॅटिनो चित्रपट महोत्सव असतो. तो १९८५ मध्ये एका कॉलेजच्या काँक्रीटच्या भिंतीवर चित्रपट दाखवून सुरू झाला होता.

भिंतींचा विषय निघालाच आहे तर त्या बघायला कुठलाही मुहूर्त लागत नाही. पिंक लाइनच्या अठराव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा, जिन्यापासूनच चित्रं सुरू होतात. सोळाव्या रस्त्याला रेल्वेच्या भरावाची भिंत लांबच लांब रंगवलेली आहे. एक्तोर दुआर्ते या चित्रकाराने तर आपलं घरच रंगवलंय: काटेरी तारांनी जखडलेला, सुटायला धडपडणारा एक अवाढव्य गलिव्हर, आणि तो आहे मेक्सिकन स्थलांतरित. घराच्या तिन्ही बाजूंनी तो पसरलाय, एका जागी उभं राहून पूर्ण दिसतच नाही.

या भित्तिचित्रांचं घराणं १९२० च्या दशकातल्या मेक्सिकोचं, चित्रकार दिएगो रिवेराचं. आणि रिवेराच्या एका भित्तिचित्रात आपल्या वर्ध्याचा माणूस आहे. पांडुरंग खानखोजे! गदर चळवळीतला क्रांतिकारक. इंग्रजांनी मायदेशाचं दार बंद केलं तेव्हा मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवायला लागला, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने त्याला मेजाशी बसून भाकर वाटताना रंगवलंय. १९६७ मध्ये खानखोजे नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. लेझीम पथकाच्या टी-शर्टवर घालायला आपल्याला महाराजांशिवाय कोणी सापडत नाही. मुलांना खानखोजे सांगायला पिल्सनच्या भिंतींइतकी चांगली जागा मला सुचत नाही.

पिल्सनमधल्याच कासा आझतलानची गोष्ट जरा वेगळी आहे. मूळची चेक लोकांसाठीची सेवासंस्था, १९७० च्या सुमारास मेक्सिकन वस्तीचं केंद्र झाली. चित्रकार रे पात्लान यांनी तिची भिंत रंगवली होती. २०१३ मध्ये केंद्र बंद पडलं, इमारत बिल्डरकडे गेली आणि २०१७ च्या जूनमध्ये एके दिवशी भिंतीवर करडा रंग मारलेला दिसला. लोक चिडले, रस्त्यावर आले. शेवटी बिल्डरला पात्लान यांनाच बोलावून नवं चित्र काढून घ्यावं लागलं. यात कोणाचा विजय झाला, मला नक्की सांगता येणार नाही. चित्र परत आलं, पण आतली घरं भाड्याने महाग झाली. २००० नंतरच्या दीड दशकात दहा हजारांहून जास्त लॅटिनो रहिवासी पिल्सन सोडून गेले. रंगीत भिंती बघायला आपल्यासारखी माणसं येतात, मागून महाग कॉफीची दुकानं येतात, मग भाडी चढतात. म्हणून माझं सांगणं एवढंच की फोटो काढून निघून येऊ नका. तिथे जेवा, तिथे पुस्तक घ्या, संग्रहालयाच्या पेटीत पैसे टाका.

पुस्तकांसाठी अठराव्या रस्त्यावरच पिल्सन कम्युनिटी बुक्स आहे. ते तिथे काम करणारेच मिळून चालवतात. जवळच सार्वजनिक वाचनालयाची रूडी लोसानो शाखा आहे, स्पॅनिश पुस्तकांसाठी प्रसिद्ध. १९८३ मध्ये खून झालेल्या एका कामगार कार्यकर्त्याचं नाव वाचनालयाला दिलंय, हेही लक्षात घ्या. लहान मुलं असतील तर ३० एप्रिल वहीत टिपून ठेवा. मेक्सिकोत तो बालदिन. १९९६ मध्ये लेखिका पॅट मोरा यांच्या कल्पनेतून अमेरिकेतल्या वाचनालयांनी त्याला मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस करून टाकलं. कुठल्याही भाषेतलं पुस्तक चालतं. आपण मराठी गोष्टींचा तास तिथे लावू शकतो, कोणी अडवणार नाही.

लेखिका सांद्रा सिस्नेरोस याच शहरात १९५४ मध्ये जन्मली, आणि शिकागोतल्या एका मेक्सिकन मुलीची गोष्ट तिने १९८४ मध्ये इंग्रजीत छापली. पुढे एलेना पोनियातोव्स्कासारख्या मेक्सिकोच्या मान्यवर लेखिकेने ते पुस्तक स्पॅनिशमध्ये नेलं. आपल्याकडे काय होतं? नेपरव्हिलसारख्या उपनगरात वाढलेल्या मुलीने इंग्रजीत कविता लिहिली की आधी तिचं मराठी तपासतो. ळ म्हणता आला तरच ती आपली. तिची कविता मराठीत कोण आणणार?

आता आक्षेप. त्यांची संख्या आठ लाखांच्या घरात, आपण उपनगरांत विखुरलेले. खरं आहे. त्यांची एक वस्ती आहे, आपल्याकडे फक्त पार्किंग लॉट आहेत. हेही खरं. पण ते ९०० डॉलरवाले मास्तर काही श्रीमंत नव्हते, आणि आपल्यातले बरेच आहेत. दुसरा आक्षेप असा की सध्या तिकडे वातावरण बरं नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इमिग्रेशनच्या धाडींच्या भीतीने ग्रँट पार्कातला मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाचा मोठा सोहळा पुढे ढकलावा लागला. पिल्सनची मिरवणूक मात्र निघाली, आणि या वस्त्यांत धोका दिसला तर वाजवायला लोकांनी शिट्ट्या वाटल्या. आपणही व्हिसाच्या रांगेत आयुष्य काढलेली माणसं आहोत. अशा वेळी प्रेक्षक म्हणून तिथे उभं राहण्याला किंमत असते.

पोर्तो रिकन लोकांचं हम्बोल्ट पार्क हा स्वतंत्र विषय आहे. डिव्हिजन रस्त्यावर १९९५ पासून उभे असलेले दोन प्रचंड पोलादी झेंडे बघा, आणि पार्कातल्या जुन्या तबेल्यातलं संग्रहालयही बघा. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

ऑक्टोबरच्या एखाद्या शनिवारी मी जाणार आहे. यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, मिरची आणि चीजचे तमाले (मक्याच्या पिठाचे, वाफवलेले) मिळतात, पण चरबी कसली वापरली ते आधी विचारा. गाडी शक्यतो आणू नका. ओफ्रेंदापुढे उभं राहून सेल्फी काढू नका, कुणाच्या तरी आईचा फोटो असतो तो. आणि संग्रहालय सोमवारी बंद असतं.